फॉर्म ९९ टक्क्यांवर अडतो, स्पीड टेस्ट मात्र २० एमबीपीएस दाखवते

रानमोगरा | १९ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. पीक विम्याचे दिवस आहेत, सकाळी सातपासून ओट्यावर माणसं बसलेली असतात. सातबारा, पासबुक, आधार, पेरणीचं स्वयंघोषणापत्र असं सगळं स्कॅन करून चढवायला घेतलं की पट्टी भराभर ९९ टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. कधी दहा सेकंद, कधी पाऊण मिनिट. मग 'मुदत संपली' असं येतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका अर्जाला चार चार वेळा बसते मी. बायामाणसं निंदण सोडून आलेली असतात, त्यांची मजुरी बुडते.

आमची लाइन अशी आहे: तालुक्यापर्यंत फायबर, तिथल्या टॉवरवरून ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओने आमच्या छतावर. हवाई अंतर ७ किलोमीटर, मधे सागाचं रान. स्पीड टेस्ट लावली तर अपलोड २० एमबीपीएस येतो. लाइनवाला म्हणतो, टेस्ट चांगली आहे ना ताई, मग आमच्याकडून काही नाही.

काल सकाळी ५०० पिंग (लाइन तपासायच्या छोट्या हाका) मारून पाहिले. ११ हरवले, म्हणजे २.२ टक्के. बाकीचे ३५ ते ४० मिलिसेकंदांत आले. शंभरातले दोनच हरवतात, तर एवढं अडतं कशाने? कोणी समजावून सांगेल का?

पऱ्हाटी | १९ जुलै, रात्री १०:४०

ताई, आमच्या गावातबी हेच होऊन राह्यलं. आठ दिवसांत तिनदा केंद्रावरून परत आलो. मले वाटे का सर्व्हरच बंद हाये. तुमी लिवलं तवा समजलं का लाइनीचं काही असन.

दिग्रसचा_पुण्यात | १९ जुलै, रात्री ११:३५

रानमोगरा ताई, मी पुण्यात नेटवर्कच्या कामात आहे, घर दिग्रसला. तुमची लाइन डोळ्यांसमोर उभी राहिली. सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की लाइनवाल्याशी नीट बोलता येईल.

फाइल एकसंध जात नाही. टीसीपी, म्हणजे माहिती पाठवून ती पोहोचली की नाही हे पाहणारी मशीनमधली पद्धत, तिचे साधारण १४६० बाइटांचे तुकडे पाडते. ४०० केबीचा स्कॅन म्हणजे पावणेतीनशे तुकडे. प्रत्येकाला क्रमांक असतो. सर्व्हर पोच देतो, पण ती 'अमुक तुकडा आला' अशी नसते, 'आता मला अमुक पाहिजे' अशी असते.

बाजार समितीत मापारी कट्टे मोजून घेतो तसं समजा. ४० पर्यंत आले, मापारी म्हणाला, 'एक्केचाळीस आण.' ४१ वाटेत पडला आणि ४२ आला. मापारी पुन्हा म्हणतो, 'एक्केचाळीस आण.' ४३ आला, तेच. ४४ आला, तेच. तीच पोच अशी तीनदा परत आली की पाठवणारा ४१ गेला असं धरतो आणि घड्याळाची वाट न पाहता तो पुन्हा पाठवतो. याला फास्ट रिट्रान्समिट म्हणतात.

त्या तीन पोचींत आणखी एक बातमी असते. ४२, ४३, ४४ पलीकडे पोहोचले, तेव्हाच तर मापारी बोलला. म्हणजे रस्ता चालू आहे. म्हणून टीसीपी सगळं थांबवत नाही. खिडकी, म्हणजे पोच न येता एका वेळी किती तुकडे रस्त्यावर असू द्यायचे तो आकडा, ती अर्धी करते आणि चालत राहते. ही फास्ट रिकव्हरी. हरवलेला तुकडा एका फेरीत, म्हणजे तुकडा जाऊन पोच परत यायला लागतो तेवढ्या वेळात, तुमच्याकडे ४० मिलिसेकंदांत, भरून निघतो. माणसाला कळतही नाही.

आता दुसरा प्रकार. पोचच आली नाही तर? तेव्हा फक्त घड्याळ उरतं. ठरलेल्या वेळेत पोच नाही आली तर टीसीपी मानते की रस्त्याचं काही खरं नाही. खिडकी एका तुकड्यावर आणते, तो एक तुकडा पाठवते आणि पुन्हा सावकाश वाढत जाते. तोही हरवला तर पुढच्या वेळी दुप्पट थांबते, मग त्याच्या दुप्पट.

तुमचं दुखणं मला या दुसऱ्या प्रकारातलं वाटतं. ४१ वा हरवल्याचं ४२, ४३, ४४ मागून आले म्हणून कळलं. पण शेवटचाच तुकडा हरवला तर मागून कोणी येत नाही. मापाऱ्याला कट्टे संपले की एक पडला हे कळायला मार्ग नाही, तो गप्प बसतो. पाठवणाराही गप्प. तुमची पट्टी ९९ वर थांबते तीही याच कारणाने. ब्राउझरने सगळे बाइट मशीनच्या हवाली केले की तो ते गेले असं धरतो. पोहोचले की नाही हे त्याला सर्व्हरचं उत्तर आल्यावरच समजतं.

स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे तुकड्यांमागे तुकडे सतत येत असतात, तेही एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून. हरवलेला प्रत्येक तुकडा मागच्यामुळे लगेच उघडा पडतो. म्हणून टेस्ट चांगली आणि फॉर्म अडलेला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

गणिताचे सर | २० जुलै, सकाळी ६:५०

फार छान समजावलंत. मी आर्णीजवळच्या शाळेत शिकवतो. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला.

शेवटच्या तीन तुकड्यांपैकी एखादा हरवला तर मागून तीन पोची पुऱ्या होणार नाहीत, म्हणजे घड्याळाशी गाठ. तिन्ही सुखरूप जाण्याची शक्यता ०.९७८ चा घन, सुमारे ०.९३५. एका फाइलीला साडेसहा टक्के धोका. एका अर्जाला पाच फाइली धरल्या तर ०.९७८ चा पंधरावा घात, ०.७१६. म्हणजे २८ टक्के अर्ज कुठे ना कुठे शेपटाशी अडणार. चारांत एकाहून जास्त! ताईंनी शंभरात दोन हरवतात म्हटलं, पण अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला ते असं येतं. (हरवणं सुटं सुटं होतं असं मी धरलंय.)

तीन शंका आहेत. एक पोच दुबार आल्याबरोबर का पाठवत नाहीत, तीनची वाट कशाला? खिडकी अर्धीच का, पाऊण का नाही? आणि एकाच फेरीत दोन कट्टे हरवले तर?

दिग्रसचा_पुण्यात | २० जुलै, दुपारी १:१५

सर, हिशेब बरोबर. प्रत्यक्षात तुकडे झुंडीने हरवतात, त्यामुळे आकडा थोडा हलेल, पण मुद्दा तोच.

तीन एवढ्यासाठी, की तुकडे कधी कधी मागेपुढे पोहोचतात. ४२ आधी आला, ४१ मागून आला, असं होतं. पहिल्याच दुबार पोचीला धावलो तर न हरवलेलं परत पाठवू आणि खिडकी उगाच अर्धी करू.

अर्ध्याचं कारण मला फार आवडतं. नवी जोडणी सुरू होते तेव्हा खिडकी दर फेरीला दुप्पट होते. आजकाल १० तुकड्यांपासून सुरुवात होते: १०, २०, ४०, ८०. ८० ला तुकडा पडला, तर मागच्याच फेरीत ४० नीट गेले होते हे पाहिलेलं असतं. तिथेच परत या. पुढे मात्र दुप्पट नाही, फेरीला एक एक तुकडा वाढवायचा. तुमची पाऊणची कल्पना सध्याच्या वापराजवळ आहे. आता लिनक्स, विंडोज, ॲपल या तिन्हींकडे नेहमीची पद्धत क्युबिक, आणि ती खिडकी ७० टक्क्यांवर आणते.

हे सगळं कुठून आलं तेही सांगतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचं विद्यापीठ यांच्यामधली लाइन कोसळली. अंतर ४०० यार्ड, म्हणजे आपल्याकडे मारुतीच्या देवळापासून झेडपीच्या शाळेएवढं. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटलेली नव्हती. गर्दी झाली, पोची उशिरा येऊ लागल्या, प्रत्येक मशीनला वाटलं आपला तुकडा हरवला. सगळ्यांनी परत पाठवायचा सपाटा लावला आणि लाइन त्याच त्या तुकड्यांच्या नकलांनी भरून गेली. व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरल्स यांनी यावर उपाय बसवला, जेकबसनचा निबंध १९८८ चा. गाभा एवढाच: एक तुकडा रस्त्यावरून उतरल्याची पोच आल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. टीसीपीच्या १९८८ च्या 'टाहो' आवृत्तीत तीन पोचींवर परत पाठवणं होतं, पण खिडकी एकावरच येई. १९९० च्या 'रेनो'त फास्ट रिकव्हरी आली.

तुमच्या तिसऱ्या शंकेवर रेनो अडखळायची. ४१ आणि ४७ दोन्ही हरवले. ४१ भरून दिला की मापारी म्हणणार, 'सत्तेचाळीस आण.' रेनोला वाटे, पोच पुढे सरकली म्हणजे काम झालं, ती सावरण्यातून बाहेर पडे आणि बऱ्याचदा घड्याळावर जाई. 'न्यू रेनो'ने (१९९९) ही अर्धवट पोच ओळखायला शिकवलं, पण फेरीला एकच भोक बुजतं. खरा इलाज १९९६ मध्येच मंजूर झालेला सॅक. त्यात मापारी नुसतं 'एक्केचाळीस आण' म्हणत नाही, '४२ ते ४६ आलेत, ४८ ते ५५ आलेत' असंही सांगतो. मग भोकं कुठे आहेत ते एकदम दिसतं.

बाभूळबन | २० जुलै, रात्री ९:०५

मी टॉवर आणि रेडिओचं काम करतो. एक गोष्ट सांगणं जरूर आहे. वरचं सगळं शास्त्र हरवणं म्हणजे गर्दी असं धरून बांधलंय. फायबरवर ते बहुतेक खरं. रेडिओवर नाही. ताईंचं तुकडं गर्दीनं नाही, हवेत मरून राह्यलं, अन् टीसीपी बिचारी गर्दी समजून वेग कमी करते.

आणखी एक. रेडिओ हरवलेली फ्रेम आपल्या आपण पाच-सात वेळा परत मारतो. त्याच्याही वर २ टक्के हरवणं म्हणजे खाली हवेत फार वाईट चाललंय. लाइनवाला त्याचं काही नाही म्हणतो ते चूक आहे.

पाऊस कारण नाही. पावसाचा मार १० गिगाहर्ट्झच्या वर बसतो, ५ ला अगदी थोडा. ताई, ही जोडणी कोणत्या महिन्यात बसवली?

रानमोगरा | २० जुलै, रात्री ९:३०

मार्चच्या शेवटी. टॉवर छतावरून स्वच्छ दिसत होता. अजूनही नीट पाहिलं तर शेंडा दिसतो.

बाभूळबन | २० जुलै, रात्री ९:५२

इथंच आहे ते. मार्चात साग उघडा असतो. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर परातीएवढी पानं येतात, अन् ती ओली असतात. पाणी भरलेलं पान ५ गिगाहर्ट्झला भिंतीसारखं.

शेंडा दिसतो तेवढ्यानं भागत नाही. रेडिओची लहर सुतासारखी सरळ रेघ नसते, मधे फुगते, ढोलकीसारखी. ७ किलोमीटरला मध्यावर ती चहूबाजूंनी पावणेदहा मीटर फुगते. त्यातलं साठ टक्के, म्हणजे जवळपास सहा मीटर, रेषेच्या खाली मोकळं पाहिजे. सागाचे शेंडे त्यात घुसले असतील. वारा सुटला की अर्धा मिनिट तुकडेच जात नसतील. छतावरचा पाइप वाढवायला सांगा. नुसतं 'स्लो आहे' म्हणू नका. सिग्नल मार्चात किती होता अन् आता किती आहे, हा आकडा मागा. त्यांच्याकडे असतोच.

पऱ्हाटी | २० जुलै, रात्री १०:१०

हे खरं सांगितलं भाऊ. उन्हाळ्यात आमचंबी बरं चाले. मी कधी झाडाचा विचारच केला नाई.

रानमोगरा | २२ जुलै, रात्री १०:५५

दिग्रसच्या दादांनी निरोपात सांगितल्याप्रमाणे वायरशार्क (लाइनीवरून जाणारा तुकडा न् तुकडा दाखवणारा प्रोग्राम) टाकून दोन दिवस पाहिलं. जे दिसलं ते लिहिते.

एका फाइलीच्या शेवटी, वारं सुटलेलं असताना, तोच तुकडा पुन्हा पुन्हा गेला. पहिल्यांदा ०.३ सेकंदाने, मग ०.६, मग १.२, २.४, ४.८. अगदी दुपटीने. स्क्रीनवर बाजूला पिंग चालू ठेवलं होतं. ते पाचव्या सेकंदाला सुरळीत झालं, पण फाइल नवव्या सेकंदापर्यंत ढिम्म. लाइन परत आली तरी फाइल का नाही हलली?

आणि दुसरं, संध्याकाळी सात ते नऊ पिंग ९०० मिलिसेकंदांपर्यंत जातं. तेव्हा हरवत फारसं नाही, फक्त उशीर.

मशीन २०११ सालची आहे. सिस्टिम तेव्हापासून तीच.

दिग्रसचा_पुण्यात | २३ जुलै, सकाळी ८:२०

ताई, कॉलेजात शिकलेल्या पोरांनाही हे असं मोजून पाहायला सुचत नाही.

बेरीज करा: ०.३, ०.९, २.१, ४.५, ९.३. या वेळांना तुमच्या मशीनने प्रयत्न केले. साडेचारला केलेला वाया गेला, पाचला लाइन आली, पण पुढचा प्रयत्न ९.३ ला ठरलेला. मधले चार सेकंद रस्ता मोकळा असून मशीन झोपून होतं. दुपटीने थांबणं १९८६ सारखी कोंडी होऊ नये म्हणून घातलंय आणि ते काढू नये असं माझं ठाम मत आहे. पण लांबलेल्या खंडात ते असं महाग पडतं.

शेपटाचं दुखणं मात्र नव्या सिस्टिमवर बरंच कमी झालंय. टेल लॉस प्रोब नावाची युक्ती आहे: शेवटचा तुकडा पाठवून साधारण दोन फेऱ्यांएवढा वेळ पोच नाही आली, तर घड्याळ वाजायची वाट न पाहता शेवटचा तुकडा पुन्हा टाकून पाहायचा. मापारी गप्प बसला म्हणून आपणच त्याला हाक मारायची. तुमच्या फेरीला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सव्वाशेच्या आत उलगडा. सोबत रॅक आहे, ती पोची मोजत नाही, वेळ पाहते: नंतर पाठवलेला पोहोचला आणि आधीचा नाही, तर आधीचा हरवला. दोन्ही मिळून २०२१ मध्ये इंटरनेटचं मानक झालं, त्याच्या दस्तऐवजाचं नाव आरएफसी ८९८५. पाठवणाऱ्या मशीनमध्ये हे असावं लागतं, आणि अपलोडमध्ये पाठवणारी तुमची मशीन आहे. २०११ च्या सिस्टिमवर ते नाही.

आता ९०० मिलिसेकंद. त्या वेळी याच लाइनवर दुसरं कोणी काही वर पाठवतंय का?

रानमोगरा | २३ जुलै, सकाळी ८:४५

शेजारच्या कृषी केंद्राने माझ्याच राउटरवरून कॅमेरे जोडलेत. संध्याकाळी दुकान बंद करताना ते दिवसभराचं चित्रण वर पाठवतात.

दिग्रसचा_पुण्यात | २३ जुलै, दुपारी १:४०

सापडलं. राउटरच्या रांगेत जागा फार मोठी ठेवलेली असते. रांग भरेपर्यंत तुकडा पडत नाही, आणि पडल्याशिवाय कॅमेऱ्याची टीसीपी मागे हटत नाही. ती रांग भरत राहते आणि तुमचा छोटासा तुकडा त्या रांगेच्या शेपटाला उभा. याला बफरब्लोट म्हणतात. कापसाच्या हंगामात काट्यासमोर दीड किलोमीटर गाड्या लागतात ना, एक पोतं घेऊन आलेल्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं.

हरवणं आणि उशीर एकत्र आले की काय होतं याचं एक जुनं सूत्र आहे, १९९७ चं, मॅथिस आणि सहकाऱ्यांचं: वेग म्हणजे तुकड्याचा आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले १.२२ भागिले हरवण्याच्या प्रमाणाचं वर्गमूळ. २ टक्के आणि ४० मिलिसेकंद घातले तर एका जोडणीला अडीच एमबीपीएस मिळतो. तेच ९०० मिलिसेकंद घातले तर ०.११. शिवाय घड्याळाची मुदत सरासरी फेरी अधिक चढउताराची चौपट अशी काढतात. फेरी ४० वरून ९०० वर उड्या मारायला लागली की मुदत सेकंदाच्या पुढे जाते, आणि प्रत्येक चूक तेवढी उशिरा कळते.

उपाय राउटरमध्ये आहे. 'एफक्यू-कोडेल' ही सोय असलेला राउटर घ्या किंवा ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मोफत सिस्टिम टाकता येईल असा. त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी द्या, १७-१८ एमबीपीएस. रांग मग तुमच्या ताब्यात राहते. तो प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देतो आणि फार वेळ उभ्या राहिलेल्या रांगेतला तुकडा मुद्दाम पाडतो, म्हणजे कॅमेऱ्याला वेळेवर कळतं. होय, मुद्दाम पाडतो. योग्य वेळी हरवलेला एक तुकडा हा निरोपच असतो.

गणिताचे सर | २३ जुलै, रात्री ८:००

ताई, शाळेच्या कामाचा माझा लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्सची नवी आवृत्ती आहे. रविवारी घेऊन येतो. एकाच लाइनीवर जुनी मशीन आणि हा, आळीपाळीने वीस-वीस फाइली चढवून पाहू.

आणि गूगलने २०१६ मध्ये काढलेल्या बीबीआर या टीसीपीचा वेग ठरवण्याच्या पद्धतीबद्दल ऐकलं आहे, की ती हरवण्याकडे फारसं पाहत नाही. ती लावली तर?

दिग्रसचा_पुण्यात | २३ जुलै, रात्री ९:१०

लावता येते सर. ती रस्त्याची रुंदी आणि किमान फेरी मोजत राहते आणि त्यावरून वेग ठरवते, त्यामुळे हवेत मेलेल्या तुकड्यांनी ती घाबरत नाही. पहिली आवृत्ती मात्र लहान रांगेवर शेजाऱ्यांना दाबते. कृषी केंद्राचाही विचार करायचा आहे. आधी पाइप, मग राउटर. बीबीआर शेवटी.

रानमोगरा | २८ जुलै, रात्री ११:२०

मंडळी, आठवडाभरातलं सांगते.

रविवारी सर आले. वारं होतं. जुन्या मशीनवर वीसांतल्या सहा फाइली अडल्या, सरांच्या लॅपटॉपवर एक. ती एक अडली तेव्हा पिंगही पूर्ण बंद होतं.

सोमवारी लाइनवाल्याला सिग्नलचे दोन आकडे मागितले, तेव्हा त्याचा आवाज बदलला. मंगळवारी माणूस आला, पाइप दहा फुटांनी वाढवला, ताणतारा बांधल्या, दिशा पुन्हा लावली. आज सकाळी ५०० पिंगांत एक हरवला. राउटर अमरावतीहून मागवलाय, तोवर कृषी केंद्रवाले दादा कॅमेऱ्याचं काम रात्री अकरानंतर करायला तयार झालेत.

आज ३१ अर्ज झाले. एकही दुसऱ्यांदा करावा लागला नाही. लांबून आलेल्या दोन आजी बारा वाजता घरी गेल्या, मागच्या खेपेला त्या अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या.

पऱ्हाटी | २९ जुलै, सकाळी ६:१५

ताई, लय चांगलं केलं. बाभूळबन भाऊ, आमच्या केंद्रावर पाइप किती फूट पाहिजे? टॉवर चार किलोमीटर असन. मधे साग नाई, निंबाची दोन मोठी झाडं हायेत अन् पाण्याची टाकी.

बाभूळबन | २९ जुलै, सकाळी ७:३०

चार किलोमीटरला मध्यावर साडेसात मीटर फुगवटा धरा. टाकी केंद्राजवळ आहे का मध्यावर? अन् निंब टॉवरच्या रेषेत येतात का? छतावरून एक फोटो काढून टाका, त्यावर रेघ मारून सांगतो.